शिंप्याची तारीख

२ जून
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.
माझ्या घशाचं ऑपरेशन बारा तारखेला ठरलं. आवाजाची पेटीच काढणार, म्हणजे नंतर बोलणं कायमचं बंद. त्याआधी ये. पन्नास वर्षांपूर्वीचं एक सांगायचं राहिलंय. तेव्हा ताठा होता, तो आता वयाबरोबर गेला. काचबिंदूने तुझे डोळे नेल्यापासून तुझी पत्रं सूनबाई वाचते. गुणी आहे, पण हे तिच्या तोंडून तुझ्या कानी जायला नको. बाकीची माणसं एकेक करून गळाली. मला तू तेवढी उरलीस.
माया आहेच, ती राहू दे.
दादा

७ जून
ति. दादास सा. न. वि. वि.
सूनबाईकडून लिहवून घेते आहे. अरे, तू शिंपी! तुझी बारा तारीख म्हणजे महिनाअखेर, हे अख्ख्या गल्लीला पाठ आहे. माझ्या लग्नाचा ब्लाउज लग्नानंतर चार दिवसांनी आला. सूनबाई म्हणते, तारीख दवाखान्याची आहे, मामांची नाही. तिला तू कुठे ठाऊक! मुलाला वीसनंतर रजा आहे, तो आणून सोडेल.
घशाला जप, आणि माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
चिमणी

२७ जून
चि. सूनबाईस आशीर्वाद.
ऑपरेशन बारालाच झालं. चिमणी परवा येऊन गेली. मी पाटीवर लिहीत होतो, तिला दिसत नव्हतं. ती बोल ना रे म्हणत होती, माझ्या घशातून नुसता वारा. दोन तास हात धरून बसलो.
आता तुलाच सांगतो. आमच्या दुकानातल्या कटरने तिला मागणी घातली होती. तिचा जीव त्याच्यावर होता, हे मला दिसत होतं. पण नोकराला बहीण कशी द्यायची? ती नको म्हणते, असं मीच त्याला सांगितलं. तिला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी तो काम सोडून गेला.
तिला वाचून दाखव किंवा फाडून टाक. माझ्याच्याने ठरवणं होत नाही.
मामा

४ जुलै
ति. मामांस सा. न. वि. वि.
पत्र आलं तेव्हा सासूबाई शेजारीच होत्या. पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला, पुढे जीभ रेटेना. मामा बरे आहेत, एवढंच रचून सांगितलं.
त्या हसल्या. म्हणाल्या, दादाला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक आहे. त्या कटरला मी कधी आवडलेच नाही, म्हणून तो न सांगता निघून गेला. मला वाईट वाटेल म्हणून बिचारा दादा पन्नास वर्षं गप्प राहिला. त्याला लिही, माझ्यासाठी इतकं कुणीच केलं नाही.
लिहिलं, मामा. तुमचं पत्र फाडून टाकलं.
आमच्यावर लोभ असावा.
सूनबाई