सोनाटाच्या मध्ये कोण गातंय?

३ मार्च, मंगळवार

आधी एक दुरुस्ती. रविवारी मी लिहिलं की लायब्ररीतलं माझं पियानोवादन संपल्यावर सगळा हॉल उभा राहिला. उभा राहिला हे खरं. पण त्याआधी लायब्ररीच्या बाईंनी खुर्च्या रिकाम्या करा असं सांगितलं होतं, आणि ते लिहायचं राहून गेलं. रोजनिशी दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून काहीही लिहावं, हे मला पटत नाही.

तरी दोघंजण बाईंनी सांगायच्या आधीच उठले होते. हातात छत्र्या होत्या, पण उठले होते.

दुसरं म्हणजे, वादनाच्या मध्येमध्ये कोणीतरी गात होतं. एकच सूर, थांबून थांबून. मी लक्ष दिलं नाही. कलाकाराने देऊ नये.

१४ तारखेला संगीतसभेची निवड चाचणी. निवड झाली तर येत्या मोसमात एक पूर्ण संध्याकाळ माझ्या एकटीची. नाही झाली तर बॅलेच्या शाळेत छोट्या मुलींच्या उड्यांना साथ, जन्मभर. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी अर्जच करता येणार नाही. पण निवड होणार. नक्की.

५ मार्च, गुरुवार

कॉलेजमध्ये पियानोच्या मॅडमना चाचणीत वाजवायचा पूर्ण सोनाटा वाजवून दाखवला. म्हणाल्या, बोटं सुरेख चालतायत, पण तेवढं ते बंद कर बाई. मी विचारलं, ते म्हणजे काय. तर म्हणाल्या, अगं तो आवाज! कानाला त्रास होतो.

पेडल करकरत असणार. तेल घातलं. जास्त झालं. बूट दोनदा सटकला.

६ मार्च, शुक्रवार

आजारी पडेन की काय अशी भीती वाटते आहे, म्हणून चांगल्या गोष्टी आठवायचं ठरवलं.

माझं पहिलं शिक्षण घरातच झालं, आत्याकडे, तिच्या जुन्या पियानोवर. त्याच्या मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी मुकी आहे. दाबली की खाली जाते, पण बोलत नाही. ती दुरुस्त करायला ट्यूनर आला की आत्या त्याला चहा पाजून परत पाठवते. म्हणते, इतकी वर्षं गप्प आहे, आता बोलायला लागली तर काय काय बाहेर काढेल कोण जाणे.

म्हणून आमच्याकडे पद्धत आहे. ती पट्टी आली की तो सूर आपण गळ्यातून काढायचा. संगीत अर्धवट सोडायचं नाही. वाजवणारा विसरला तर बाबा पेपरमागून काढतात, आई स्वयंपाकघरातून. एकदा बाबांनी बाथरूममधून काढला होता, साबण डोळ्यांत गेलेला असताना.

अशा घरात कान किती तयार होतात! म्हणूनच लायब्ररीतला तो गाणारा मला लगेच ऐकू आला. गंमत म्हणजे तो नेमका तोच सूर गातो. काळजी वाटते ती एवढीच, की माझ्या सोनाटात तो सूर दर दोन ओळींनी आहे.

८ मार्च, रविवार

सापडला! चष्मेवाले काका. आमच्या खालच्या मजल्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि कार्यक्रमात माझी नोटेशनची पानं तेच उलटतात. लायब्ररीत माझ्या अगदी शेजारी होते.

मी विषय हळूच काढला. काका म्हणाले, पोरी, मला तर वाटलं तूच. वर हसले. आरोप उलटवायची ही जुनी युक्ती.

कॉलेजच्या पियानोवर चाचणी घेतली. काकांना दोन्ही हातांनी तोंड दाबून बसायला सांगितलं. हात गुंतल्यामुळे त्यांनी पान उलटलंच नाही, आणि मी तेच पान दोनदा वाजवलं. आवाजही दुप्पट वेळा आला.

निष्कर्ष: काका नाकातून गातात.

१० मार्च, मंगळवार

काकांना पानं उलटण्यातून मोकळं केलं. मनाला फार लागलं. माझ्या. ते म्हणाले, बरं झालं, गुडघा दुखतो. आता सगळं पाठ वाजवणार.

बॅलेच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलींना तुझ्या आवाजाची इतकी सवय झालीय, तू रजेवर होतीस त्या दिवशी एकीनेही वेळेवर उडी मारली नाही. पियानोचा आवाज म्हणायचं असणार.

१२ मार्च, गुरुवार

मॅडम म्हणाल्या, मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. रेकॉर्ड केलं. ऐकलं नाही. मोठ्या कलाकारांना स्वतःला ऐकवत नाही, असं मी कुठेतरी वाचलं आहे. किंवा वाचलं नसेल, पण तसं असणार.

चाचणीला जवळची माणसं आणता येतात. आई म्हणाली, आम्ही मागे बसू, श्वाससुद्धा घेणार नाही. आत्या म्हणाली, तुला नसेल घ्यायचा तर नको घेऊस, मी पुढे बसणार. शिकवलंय मी तिला.

१४ मार्च, शनिवार, सकाळ

हात गरम पाण्यात. झोप उत्तम, थोडी कमी. काकाही येतायत. त्यांना लांब बसवा असं बाबांना बजावलं.

१४ मार्च, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहिते.

पहिली ओळ उत्तम. दुसरीत ती काळी पट्टी आली आणि आवाज आला. या वेळी चार आवाज. पहिल्या रांगेतून आत्या, मागून आई आणि बाबा. चौथा फार जवळून.

काका शेवटच्या रांगेत होते. दुसरं कोणी जवळ नव्हतं. पुढच्या वेळी तो सूर आला तेव्हा चौथा आवाज कुठून येतो ते नीट ऐकावं म्हणून मी तोंड मिटलं.

चौथा आवाज बंद झाला.

तोंड उघडलं. आला.

मिटलं. बंद.

मग मी दात आवळून वाजवलं. घरचेही दमले असावेत, कारण एकदा कोणीच गायलं नाही, आणि ती पट्टी एकटी बोलली. मी तिला इतक्या वर्षांत कधी एकटीला ऐकलंच नव्हतं. फार सुंदर आहे. इतकी सुंदर की मी पुढची ओळ विसरले आणि परत तीच दाबली. चार वेळा.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद, पुरे. बाहेर आत्या म्हणाली, शेवटी का थांबलीस गं? आम्ही होतो ना!

१६ मार्च, सोमवार

अध्यक्षांचा फोन आला. पियानोसाठी निवड नाही.

पण त्यांच्या गायकवृंदात जागा आहेत. म्हणाले, नेमक्या क्षणी इतका अचूक सूर लागलेला फार वर्षांत ऐकला नाही. मी म्हटलं, मी विचार करून सांगते. ते म्हणाले, तुमचा सूर किंचित खाली होता. तुमच्या घरच्या तिघांना विचारता का?

मी फोन ठेवायच्या आत आत्या हो म्हणाली होती. बाबा आरशासमोर. आई म्हणते, मला साडी कुठल्या रंगाची लागेल ते विचार ना गं.

दुकानात जाऊन काकांची माफी मागितली. ते म्हणाले, असू दे, माझा सूर कसा होता असं काही म्हणाले का ते?

दुपारी घरी तोंड मिटून वाजवून पाहिलं. दर दोन ओळींनी मध्ये भोक. तिसऱ्या भोकाला आईने स्वयंपाकघरातून भर घातली, आणि आता तिचा आवाज तालमीला उभं राहिल्यासारखा होता.

त्यांची पहिली तालीम गुरुवारी, १९ तारखेला, सकाळी दहाला. तिघंही घरी नसतील. ट्यूनरला मी गुरुवारी, १९ तारखेला, सव्वादहाला बोलावलं आहे. चहा नंतर देणार.