गडग्यापलीकडचं आमेन

रविवार, दिवेलागण. मालवण.

शेजारीण रोझीबाई जाऊन महिना झाला म्हणून आज चर्चमध्ये मिस्सा होती. मागच्या बाकावर बसलो. फादर माफीवर बोलले आणि रोझीबाईचा नि माझा जुना वाद आठवला.

मी म्हणायचो, तुमची आज्ञा म्हणजे 'खोटं बोलू नकोस'. वरून कोणीतरी बजावतो. आमचं बौद्धांचं शील म्हणजे 'मी खोटं बोलणार नाही'. आपला शब्द आपणच द्यायचा. ती हसायची. "बरां, पण शब्द मोडलंस तर माफी कोणाकडे मागतंस रे?" ज्याला फसवलं त्याच्याकडेच, असं मी म्हणायचो. फार हुशारीने म्हणायचो.

मग इस्पितळात तिने विचारलं, "माझो मोती बरो आसा मा?" मी म्हटलं, "बरो आसा." तिचा कुत्रा आदल्याच दिवशी मेला होता, मीच माडाखाली पुरला होता. दोन दिवसांनी तीही गेली. ती दया होती की माझा भित्रेपणा? ठरत नाही. आणि आता माफी मागायची कोणाकडे?

घरी येऊन बुद्धांपुढे मेणबत्ती लावली, पंचशील म्हटलं. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला अडखळलो. पूर्वी पंचशील संपलं की आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून ती मुद्दाम "आमेन" म्हणायची. मी दर वेळी चिडायचो, आमच्यात आमेन नसतं म्हणून.

आज संपल्यावर उगाच थांबलो. पलीकडे खिडक्या बंद.

मग मीच आमेन म्हटलं. पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.