मनगटावरची कस्तुरी

चाचा, काल सकाळी आठ वाजता मी माझं स्वतःचं पहिलं अत्तर डाव्या मनगटाला लावलं आणि दिवसभर ते घेऊन नाशिकभर हिंडले. कुणाचं पाहून केलेलं नाही, गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून केलेलं नाही. मी जुळवलेलं, मोडलेलं, परत जुळवलेलं. दीड वर्ष लागलं. लोबान, राळ, सुरगाण्याच्या बाजारातून आणलेला सालईचा डिंक, वर थोडी मिरी आणि लिंबाची साल, आणि तळाला कस्तुरी. म्हणजे हल्लीची, कारखान्यात होणारी पांढरी कस्तुरी. हरणाची खरी कस्तुरी तुम्हीसुद्धा तरुणपणी एकदाच पाहिली होती, आणि त्या एकदाचं वर्णन मी तुमच्या दुकानात अकरा वर्षं ऐकलं. दर वर्षी त्या वर्णनातली कस्तुरीची डबी थोडी मोठी व्हायची. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं मला वाटलं नाही, पण कालच्या दिवसाचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

त्याआधी माझ्या पहिल्या दिवसाचं सांगायला हवं. मी वीस वर्षांची, नाशिकरोडकडच्या आमच्या वसाहतीतून बस धरून भद्रकालीत आलेली, केमिस्ट्रीत नापास होऊन घरी बसलेली. तुमचं दुकान इतकं अरुंद, की दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. तुम्हाला मुलगी हवी होती, कारण बायका गिऱ्हाईक म्हणून यायच्या पण पुरुषाच्या हातून मनगटाला अत्तर लावून घ्यायला संकोचायच्या. तुम्ही माझी मार्कशीट पाहिलीसुद्धा नाही. काचेच्या काडीने एक थेंब माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "ही पांढरी कस्तुरी. बोल बेटा, काय येतंय?" मी नाक लावते. काही नाही. परत लावते. माझ्याच हाताचा, बसच्या दांड्याचा थोडा लोखंडी वास, बस्स. तुम्ही वाट पाहत आहात. नोकरीची गरज आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "मऊ." तुम्ही डोळे मिटलेत, मान हलवलीत आणि म्हणालात, "मऊ! वा! बरोब्बर शब्द. उद्यापासून ये."

मला वाटलं, सर्दी असेल. महिनाभर वाटत राहिलं. मग कळलं की गुलाब, खस, केवडा, ऊद सगळं मला इतरांपेक्षा जास्तच येतं, अगदी बाटलीचं बूच बदललं तरी कळतं. फक्त ही एक पांढरी कस्तुरी माझ्या नाकाला दिसत नाही. कस्तुरी भेंडीच्या बियांचा वास थोडा येतो, हिचा नाही. पुढे खूप वर्षांनी वाचलं की असं पुष्कळांचं असतं, नाकाचा दोष नाही, बांधणीच तशी. पण तेव्हा ते कुठे ठाऊक? अत्तराच्या दुकानातली मुलगी आणि तिला कस्तुरी येत नाही, म्हणजे सोनाराकडे कामाला राहून सोनं-पितळ न ओळखण्यासारखं. मी ठरवलं, गप्प बसायचं. तुम्ही नवीन कस्तुरी आणली की माझ्या हातावर एक थेंब आणि तुमच्या हातावर एक. तुम्ही डोळे मिटून "वा" म्हणायचात. मीही डोळे मिटून "वा" म्हणायचे. आणि लगेच तुम्ही दुपारच्या जेवणाला घरी जायचात. परत आलात की पक्का निकाल: ही ठेवायची, ती परत पाठवायची, अमक्यात दोन थेंब कमी करायची. मला वाटायचं, चाचांचं नाक जेवल्यावर चालतं.

बाकीचं सगळं तुम्ही शिकवलंत ते रागावूनच. पहिल्याच आठवड्यात एका बाईंच्या मनगटाला अत्तर लावून मी त्यांना म्हटलं, दोन्ही मनगटं एकमेकांवर घासा. तुम्ही गिऱ्हाइकासमोर ओरडलात, "घासायला ते काय भांडं आहे? लाव आणि सोड त्याला!" त्या बाईच घाबरून सॉरी म्हणाल्या. दुसऱ्यांदा ओरडलात ते मी एका धुपाच्या अत्तराला पाच मिनिटांत बरं नाही म्हटलं तेव्हा. "माणूस घरात येऊन चप्पल काढतोय, तेवढ्यात तू त्याचा स्वभाव सांगणार? बसू दे. पाणी पिऊ दे. संध्याकाळी सांग." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दर तासाला मला हात हुंगायला लावलात, आणि खरंच, सकाळी ज्याला मी कडू म्हणाले होते ते पाच वाजता मधासारखं झालं होतं. थंडीत अत्तर अंग चोरून बसतं, उन्हात बोलायला लागतं, हेही तुमचंच. ही वाक्यं आता मी माझ्या गिऱ्हाइकांना ऐकवते, तुमच्याच आवाजात, हात तसाच वर करून.

तर काल. थंडी चांगली पडलीये, माझ्या दुकानाला सुट्टी होती. पहिली दहा मिनिटं नुसती मिरी आणि लिंबू, नाकात मुंग्या आल्यासारखं. आमचे हे चहा पीत होते, ते म्हणाले, "रसम केलंस का?" मी दुर्लक्ष केलं. नऊच्या सुमाराला लिंबू गेलं आणि धूर वर आला. कोरडा, थंड धूर, पेटलेल्या उदबत्तीचा नाही, ती विझून तासभर झाल्यावर खोलीत राहतो तो. आमच्या विहारात पौर्णिमेची वंदना झाली की मागे सतरंज्या गोळा करायला आम्ही पोरी थांबायचो, तेव्हा असा वास असायचा. अकराला मी पंचवटीच्या बसमध्ये उन्हाच्या बाजूला मुद्दाम बसले. ऊन हातावर आलं आणि राळ उघडली, थोडी गोड, थोडी चिकट, जुन्या लाकडी खोक्यासारखी. शेजारी एक आजीबाई होत्या, मांडीवर मेथीच्या जुड्या. त्या वळून म्हणाल्या, "त्र्यंबकहून आली का गं बाई? देवळात गेल्यावानी वास येतोय." मी म्हटलं, "नाही हो, घरूनच." त्यांना ते काही पटलं नाही.

दोन वाजता माझ्यासाठी सगळं संपलं. चाचा, हे तुम्हाला कसं सांगू. धूर गेला, राळ गेली, आणि मनगट कोरं. धुतलेल्या पाटीसारखं. आणि नेमकं तिथेच कस्तुरी सुरू होणार होती. दीड वर्ष मी हे असंच केलंय. जे मला येत नाही ते अंदाजाने घालायचं आणि मग दुसऱ्याच्या नाकावर तपासायचं. ह्यांना बिचाऱ्यांना जेवतानासुद्धा सोडलं नाही. काल मी जेवायला घरी आले आणि हात त्यांच्यापुढे केला. त्यांनी घास खाली ठेवला, वास घेतला आणि म्हणाले, "आता कुठे छान येतंय. उन्हात टाकलेली गादी संध्याकाळी आत आणल्यावर कशी लागते, तशी." मी विचारलं, "फार जोरात आहे का?" ते म्हणाले, "ते मला काय कळणार? मला गादी आवडते." झालं. एवढ्यावर मी अत्तर विकायला कसं काढू? कस्तुरी जास्त झाली तर लोकांचं डोकं धरेल आणि मला पत्ताही लागणार नाही. ते सांगणारं एकच नाक मला ठाऊक होतं, बंद डब्यातली भाजी ओळखणाऱ्या चाचींचं, आणि तिकडे जायची हिंमत इतक्या महिन्यांत झाली नव्हती. कारण तिथे गेले की खरं बोलावं लागणार.

चार वाजता मी चौक मंडईजवळ चाचींकडे गेले. त्या आता मुलीकडे असतात. डोळ्यांना कमी दिसतं, पण दारातून पाऊल आत टाकलं तर म्हणाल्या, "मेथीच्या पिशवीला टेकून आलीस का?" त्या मटार सोलत बसल्या होत्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "थांब." उठून हात धुतले, कोरडे केले, खिडकीशी जाऊन दोन-तीनदा मोकळा श्वास घेतला आणि मग येऊन बसल्या. ते पाहून मला राहवेना. म्हटलं, "चाची, आधी एक सांगायचंय. यातली कस्तुरी मला येत नाही. कधीच आली नाही. चाचांशी मी पहिल्याच दिवशी खोटं बोलले, आणि पुढे अकरा वर्षं बोलत राहिले."

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "अगं पोरी," त्या म्हणाल्या, "त्यांना तरी कुठे येत होती!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्नाला महिना झाला होता, तुम्ही मोठ्या ऐटीत एक बाटली घरी घेऊन आलात, म्हणालात निव्वळ चंदन आहे. चाची म्हणाल्या, यात पांढरी कस्तुरी किती ओतलीये, माझं डोकं उठलं. तुमचं तोंड एवढंसं झालं. "तेव्हापासून नवीन माल आला की दुपारी घरी. ताटावर बसायच्या आधी मनगट माझ्या नाकाशी. मी सांगायचे, ते दुकानात जाऊन सांगायचे. मला कसम घातली होती, कुणाला बोलायचं नाही. अत्तरवाल्याला कस्तुरी येत नाही म्हटल्यावर दुकान चालेल का?" मी विचारलं, "मग आज कसं सांगितलंत?" तर म्हणाल्या, "ते गेले, तू पन्नाशीकडे आलीस. आता कुणाची नोकरी जाणार आहे?"

चाचा, अकरा वर्षं! त्या एवढ्याशा दुकानात आपण दोघं समोरासमोर उभे, दोघांच्याही नाकाला काही नाही, डोळे मिटून तुम्ही "वा" आणि मी "वा"! आणि "मऊ" ऐकून तुम्ही "बरोब्बर शब्द" म्हणालात ते कशाच्या जोरावर? मला इतकं हसू आलं की चाचींची मुलगी स्वयंपाकघरातून कालथा हातात घेऊनच बाहेर आली. तिला काय सांगणार? आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो आणि परत सुरू.

मग चाची एकदम गंभीर झाल्या. माझं मनगट दोन्ही हातांत धरून नाकाशी नेलं, लांब केलं, परत नेलं. कोपरापर्यंत हुंगलं.  "धूर चांगला आहे," त्या म्हणाल्या. "राळ जरा सढळ हाताने पडलीये. थंडीत चालेल, उन्हाळ्यात कमी कर." मी म्हटलं, "आणि कस्तुरी?" त्यांनी अजून एकदा वास घेतला. "जास्त असती तर तू दारात होतीस तेव्हाच कळली असती. मेथी कळली, ही नाही कळली. हात जवळ आणल्यावर कळतेय. एवढीच हवी." मला विचारल्याशिवाय राहवेना. "पण चाची, असते कशी?" त्या खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "शुक्रवारी इस्त्रीचा कुर्ता घालून ते नमाजला जायचे. जाताना नुसता इस्त्रीचा वास. दोन तासांनी परत यायचे तेव्हा इस्त्री मोडलेली, आणि कपड्यात माणूस आलेला. तसं." आणि माझा हात त्यांनी लगेच सोडला नाही. मीही काढून घेतला नाही.

उद्यापासून अत्तर दुकानात ठेवणार आहे. राळ सध्या तेवढीच. दर पंधरा दिवसांनी नवा घाणा झाला की चाचींकडे जायचं ठरलंय, दुपारच्या जेवणाआधी, म्हणजे तुमच्याच वेळेला. हा कागद कुठे पाठवायचा नाही, त्यामुळे घरी साड्यांखाली राहील. एकच गोष्ट उरली. सहाच्या सुमाराला मी रिक्षाने घरी येत होते. रिक्षावाला तरुण होता, शालिमारच्या सिग्नलला त्याने मागे वळून विचारलं, "ताई, कुठलं अत्तर लावलंय? लय भारी येतंय." मी म्हटलं, "माझं आहे." तो म्हणाला, "तसं नाय, म्हणजे मिळतं कुठं?" पर्समध्ये दुकानाची पन्नास कार्डं होती. एकही दिलं नाही. तुम्ही असता तर गिऱ्हाईक घालवलं म्हणून आठवडाभर बोलला असता. घरी मी सांगितलं, गडबडीत विसरले. चाचा, विसरले नव्हते. "माझं आहे" म्हटल्यावर पुढे आवाजच फुटला नाही.