शिवडा

१७ नोव्हेंबर, रविवार

आजही काही नाही. सकाळी सहा ते दहा बंधाऱ्याखाली उभी होते, गुडघाभर पाण्यात. नीरेला पाणी बरं आहे. शिवडा मासा एकदाच वर आला – फळीएवढी पाठ दिसली, वळली, गेली. माझ्या माशीकडं बघितलंसुद्धा नाही.

माशी म्हणजे पिसांची. अल्ताफच्या चिकनच्या दुकानातून गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं आणते, जुन्या साडीची थोडी जर घेते आणि दोऱ्यानं गळावर बांधते. गांडूळ नाही, बेडूक नाही. नुसती पिसं पाण्यातून पळवायची आणि शिवड्याला वाटलं पाहिजे की हे जिवंत आहे. बारामतीला नोकरीत होते तेव्हा शिकले. सहा वर्षं झाली, गाव अजून हसतं. परत येताना अल्ताफ दुकानातूनच म्हणाला, "काय ताई, आज पन माशी शिंकली का?"

रोज मीही हसते. आज हसू आलं नाही. आबा पडले त्याला महिना झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरलाय. दिवसातून पाच-सहा वेळा म्हणतात, आणि तोही फक्त मला बघून – शिवडा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, अशा पेशंटचा एखादा शब्द मागं राहतो, त्याला अर्थ असतोच असं नाही.

घरात तर प्रत्येकाचं वेगळंच. भाऊ दीपक म्हणतो, "शिवा म्हनत्यात. आपला बैल व्हता न्हाय का!" त्याच्या बायकोच्या मते आबा शिव्या देतात. "मलाच देत असतील," उत्कर्षा म्हणाली आणि हसली. तिला हसावंच लागतं, आबांचं सगळं तीच करते. मी लॅबमधून संध्याकाळी येणार, तासभर पाय चेपणार, ते काय करणं झालं? मग मला म्हणाली, "ताई, मनी वसे ते स्वप्नी दिसे. तुमच्या डोक्यात मासं, म्हनून तुमाला मासंच ऐकू येत्यात."

नाही. शिवडाच. तोंड वाकडं झालंय, शब्द घसरतो, पण मी नीट ऐकलंय.

नवल एवढंच की आबांना या माशाचा तिटकारा. गावात त्याला कुणी खात नाही, मढं खाणारा मासा म्हणतात. मी गळ घेऊन जायला लागले तेव्हा आबा म्हणाले होते, "दुसरं काय न्हाय का गं तुला धरायला?" त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर नाही. आम्हा बापलेकीत बोलणं तसंही त्याच्या आधीपासून तुटलेलं. आणि आता हाच माणूस मला बघून त्याच माशाचं नाव घेतो. काय सांगायचंय? चुकलो म्हणतायत? की एकदा दाखव तरी, एवढं काय असतं त्यात, असं?

दाखवणार. धरून, जिवंत, त्यांच्या खाटेपुढं आणून. डॉक्टर म्हणाले दुसरा झटका कधीही येऊ शकतो. त्याच्या आत.

१ डिसेंबर

नाही.

८ डिसेंबर

नाही. दोरीला असा पीळ बसला की तासभर सोडवत बसले. बोटं गारठली.

१५ डिसेंबर, रविवार

बंधाऱ्यावर भिमातात्या भेटला. जन्म गेला त्याचा नीरेत जाळी टाकण्यात. मी पिसं फिरवत होते ते बराच वेळ बघत बसला, मग बिडी विझवून म्हणाला, "थंडीत शिवडा तोंड उघडत न्हाय, पोरी. भूक मरती त्याची. होळीपातूर थांब."

मी थांबेन हो. आबा थांबतील का?

"आन धरून करनार काय? माजी जाळी फाडतो त्यो. दाताच्या फण्या हायत तोंडात. तू तर सोडून देतीस म्हनं परत." सोडतेच. आजवर एकही मारला नाही. सहा वर्षांत लागलेच चार.

आबांची बहीण वरकुट्याला असते, द्वारकाआत्या. ती आली असती तर आबांचं बोलणं तिला उमजलं असतं कदाचित, दोघं एकत्र वाढलेली. पण खुबा मोडून पडलीय, आणि फोनवर तिला ऐकू येत नाही. दीपकला म्हटलं, गाडी करून आणू. म्हणाला, "तिलाच उचलायला चार मानसं लागत्यात."

२९ डिसेंबर, रविवार

नदीला गेले नाही. ताप.

उत्कर्षानं पडवी झाडली. पायरीखाली आबांचा पत्र्याचा डबा सापडला. घरात संडास बांधून पंधरा वर्षं झाली, तरी आबा रोज उजाडायला डबा भरून कालव्याच्या चारीकडं निघायचे. पाहुण्यांसमोर तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. किती भांडली असेल त्यावरून! "आता तेच आठवतंय बगा," म्हणाली. डबा चिंचेनं घासून लख्ख केला.

मी सहज उचलून बघितला, तर आबांनी डावा हात वर केला. "शिवडा." पुन्हा, "शिवडा." डोळे नुसते माझ्यावर. डबा, पाणी, पाण्यावरून नदी, नदीवरून मासा – असं चालत असेल डोक्यात. म्हटलं, आणते आबा. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते आता कळत नाही त्यांचं.

२२ जानेवारी, बुधवार

अकरा वर्षं झाली आज. कुणाच्या लक्षात नाही. असलं तरी कुणी बोलणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी बावड्याला आले होते. इंदापूरच्या दवाखान्यात झाली. मुलगी. रडलीच नाही. मी शुद्धीवर यायच्या आत आबा तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले होते. बायकांनी जायचं नसतं. मी तिचं तोंडही बघितलं नाही. कुठं ठेवली, एवढं एकदा विचारलं. आबा म्हणाले, "इसर आता." वर्षभरात नवऱ्यानंही नातं विसरून टाकलं, रीतसर, वकिलामार्फत. नवऱ्याचं वाईट वाटलं नाही. आबांचं वाटलं. एक जागा सांगायला काय जात होतं? तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. अकरा वर्षं.

आज सकाळपासून सारखं चाललंय त्यांचं. शिवडा, शिवडा, शिवडा. संध्याकाळी पाणी पाजताना पुन्हा म्हणाले आणि माझा तोल गेला. ओरडले – आणते म्हटलं ना! माझ्या हातात आहे का ते?

आबा रडले. वाकड्या तोंडानं माणूस रडतो ते बघवत नाही. मी बाहेर जाऊन बसले.

९ फेब्रुवारी, रविवार

नदीचं पाणी काळं. वरून कुणी काय सोडलं देव जाणे. बंधाऱ्यापाशी चिलापी पोट वर करून तरंगतेय, वासानं उभं राहवत नाही. भिमातात्या काठावर नुसता बसून होता. मेलेल्यांत शिवडा आहे का, बघत फिरले. एकही नाही.

"खोल दडला आसंल," म्हणाला. "न्हायतर संपला आसंल."

१० फेब्रुवारी

कशासाठी करतेय हे सगळं? एका तुटलेल्या शब्दासाठी.

२ मार्च, रविवार

पाणी निवळलंय.

जाताना चारीच्या मोरीवर गाडी बंद पडली. इंजिन गार होईपर्यंत खाली उतरून बसले, दोरीच्या टोकाच्या बारीक तारेला नवी माशी बांधली. तिथं मोगऱ्याचं झुडूप आहे, पार वाळलेलं, भोवती दगडांचं आळं. असल्या ओसाडीत मोगरा कुणी लावला असेल? पाणी घालणारा कंटाळला असणार.

आणि नदीवर – लागला! हिसक्यानं काठी वाकली, दोरी बोटं कापत सरासरा गेली. दहा सेकंद. मग सगळं ढिलं. माशी गेली, तार चावून तोडलेली. पाण्यातच उभी राहून रडले. आधी अशी नव्हते मी.

आबा आता पातळ पेजही नीट गिळत नाहीत.

१६ मार्च, रविवार

धरला.

होळी झाली परवा. भिमातात्या खरा निघाला. ऊन चढल्यावर बंधाऱ्याच्या खालच्या डोहात तिसऱ्या फेकीलाच घेतली माशी. वीस-पंचवीस मिनिटं. दोनदा वाटलं गेला. तीन फुटांहून मोठा, पांढरट, मिशा हातभर, आणि ते रुंद तोंड. कुणाला आवडणार हा? मला त्या क्षणी जगात दुसरं काही सुंदर वाटलं नसतं. अल्ताफला फोन केला. तो दुकान टाकून टेंपो घेऊन आला, निळा ड्रम पाण्यानं भरला. "या अल्ला," एवढंच म्हणाला. माशी शिंकल्याचं काही बोलला नाही.

ड्रम थेट आबांच्या खाटेपाशी. दीपकनं त्यांना मागून धरून बसवलं. मी दोन्ही हातांनी शिवडा वर उचलला. म्हटलं, "आबा, बघा. शिवडा. आणला."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं, किती वेळ तरी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग भिंतीकडं तोंड केलं.

उत्कर्षा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "इच्छा पुरी झाली बगा. मीच येडी, ताई."

परत नदीवर नेईपर्यंत ड्रममध्ये शिवडा मेला. बराच वेळ पाण्यात धरून हलवत राहिले. नाही. माझ्या हातून मेलेला पहिला मासा.

२० मार्च, गुरुवार

चार दिवस झाले. एक शब्द नाही. मी समोर जाते, उभी राहते, वाट बघते. डोळे मिटून घेतात. सगळे म्हणतात, शांत झाले. हेच तर हवं होतं मला. मग आत हे काय कुरतडतंय?

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. आबांना साखरेच्या गाठीचा तुकडा जिभेवर ठेवला, गिळला नाही. त्यांच्या कानाशी जाऊन मीच म्हटलं, "शिवडा?" भिंतीकडंच बघत राहिले.

४ एप्रिल, शुक्रवार

आबा गेले. सकाळी सहा-चाळीस. खोलीत मीच होते. काही बोलले नाहीत.

६ एप्रिल, रविवार

सकाळी सावडून आल्यावर रक्षा कुठं सोडायची ते निघालं. दीपक म्हणाला, नीरेत. आत्याला काल उचलून आणलीय. ती म्हणाली, "नदीत नगो. शिवड्याला सोडा."

मी म्हटलं, आत्या, शिवडा मासा असतो.

"मासा कुठला? शिवंवरचा वढा गं. शिववढा. कालवा आल्यापासनं तुमी चारी म्हनता त्याला. तुजी पोर तितंच ठिवली न्हाय का त्यानं. आईला जागा सांगत न्हाईत, म्हनून गप ऱ्हायला. मोगरा लावलाय म्हनला व्हता मला. रोज डबाभर पानी घालतो म्हनायचा."

आबांचा डबा भरून मी मोरीपाशी गेले. मोगऱ्याच्या नुसत्या काड्या राहिल्यात. तरी ओतला.

पाच महिने आबा मला तिचा पत्ता सांगत होते. मी त्यांना मासा नेऊन दाखवला.