व्हिटॅमिनवर मारलेले ४११ होम रन

२ डिसेंबर, सकाळ
मतपत्रिका निघाल्या. माझं नाव छापलंय : ग्रेडी पाव्हलाक, फर्स्ट बेसचा खेळाडू. देशभरातले चारेकशे बेसबॉल पत्रकार महिनाभरात मतं टाकणार. पंचाहत्तर टक्के मिळाली की हॉल ऑफ फेम, भिंतीवर माझा ब्राँझचा चेहरा. पाच टक्क्यांच्या खाली गेलं तर नाव कायमचं बाद. तो नियम इतरांसाठी. मी ४११ होम रन मारलेत, म्हणजे ४११ वेळा चेंडू थेट मैदानाबाहेर.
निश्चय : निकालापर्यंत कुणावरही हात उचलायचा नाही.

२ डिसेंबर, दुपार
रेडिओवर कुणीतरी मला ‘सुईनं फुगवलेला भोपळा’ म्हणालं. रेडिओ भिंतीवर फोडला. रेडिओ म्हणजे माणूस नव्हे. निश्चय शाबूत.

५ डिसेंबर
नोरीनला सत्काराचं भाषण वाचून दाखवलं. वीस वर्षांचा संसार, पण बायकोच्या चेहऱ्यावर कौतुक नाही. म्हणाली, आभारांच्या यादीत त्या जिमवाल्याचं नाव कसं नाही? मी म्हणालो, तो फक्त व्हिटॅमिन द्यायचा. ती म्हणाली, एका हिवाळ्यात टोपीचा नंबर दोनदा बदलला होता तुझ्या. आता व्हिटॅमिन डोक्याला आधी लागतं, याला मी काय करू?
बाथरूमच्या दाराला भोक पडलंय. दार आधीपासूनच कमजोर होतं.

९ डिसेंबर
हॉलिस ब्रँटला भेटलो. आमच्या टोलेडो शहरात मत असलेला एकुलता एक पत्रकार. वय एकाहत्तर, सकाळी सातला डायनरच्या ठरलेल्या टेबलावर अंडी खातो. अत्यंत शांतपणे समजावलं. म्हटलं, तेव्हा सगळेच काही ना काही घेत होते. स्टेडियम भरत होती, मालक गप्प होते, आणि तुम्हीच मला ‘टोलेडोचा हातोडा’ लिहीत होतात. म्हातारा म्हणाला, लिहिलं बाबा. आम्हीही डोळे मिटूनच जेवत होतो, त्याची लाज वाटते. पण एक सांग पोरा, तू स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतलीस की नाही? खरं सांग, मग मी विचार करतो.
म्हटलं, व्हिटॅमिन.
म्हणाला, मग मला माझी अंडी खाऊ दे.
मी टेबल जरासं सरकवलं. ते त्याच्या छातीवर गेलं. एक बरगडी मोडली म्हणतात. त्या वयात हाडं ठिसूळच असतात. त्यानं पोलिसांत तक्रार केली नाही, म्हणजे मत माझंच.

१४ डिसेंबर
अपघात सोडले तर निश्चय पाळतोय. नोरीन दोन दिवस बोललेली नाही. सत्काराचं दडपण आलं असणार.

१८ डिसेंबर
सह्यांचा कार्यक्रम होता. रांगेत व्हर्नन टिब्स उभा!
सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये, सराव-कॅम्पात, फर्स्ट बेसच्या एका जागेसाठी आम्ही दोघं होतो. खोली एकच. चेंडू झेलायला त्याचे हात माझ्यापेक्षा चांगले, हे मीही मान्य करतो. पण मी मारलेले चेंडू मैदानाबाहेर पार्किंगमध्ये पडायला लागले. त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं, तो परत वर आलाच नाही. हल्ली शाळेची बस चालवतो.
सही मागितली नाही. म्हणाला, तुझ्या बॅगेतल्या सुया मी बघितल्या होत्या ग्रेडी. मॅनेजरला बोललो नाही. दोस्त होतास.
मी ठोसा मारला. त्याचा ओठ फाटला. त्यानं उलट मारला आणि माझे पुढचे दोन दात टेबलावर, माझ्याच फोटोवर पडले. मी खुर्ची उचलली, त्याच्या खांद्यावर मोडली. तो पडला नाही. माझी कॉलर धरून त्यानं मला खाली बसवलं, आणि स्वतःच्या रुमालानं माझं तोंड दाबून धरलं. रक्त त्याच्या कोपरापर्यंत. रांगेतली माणसं पळाली होती.
मग हळूच विचारलं त्यानं. म्हणाला, मीही घ्यायला हवं होतं का रे? रोज बस काढताना हाच विचार येतो.
तोंडात रक्त होतं म्हणून बोललो नाही. नाहीतर उत्तर होतं माझ्याकडे.

२० डिसेंबर
सात टाके. ‘स’ म्हणता येत नाही. भाषणात ‘स’ फार आहेत.

२७ डिसेंबर
शेजारच्या डफीनं अंगणात बर्फाचा माणूस केला. मान जाड, डोकं टोपलीएवढं, हातात सुई! माझी जुनी बॅट काढली. पहिल्या घावात डोकं उडवलं. दुसरा पोटात. आत लोखंडी खांब होता. माझं मनगट मोडलं.
डफी धावत आला, ओरडला, अहो, ते माझे सासरे आहेत! हातात मासे धरायची काठी आहे!
बायकोच्या वडिलांची अशी थट्टा करणाऱ्याला धडा हवाच होता.

२१ जानेवारी, संध्याकाळ
निकाल. बारा जणांना बोलावलं होतं. नोरीनची बहीण तेवढी आली, बटाटा भरलेल्या पिएरोगी घेऊन. निवडलेल्यांना आधी फोन येतो. चारला फोन वाजला. दाताचा डॉक्टर होता.
३९२ पैकी सात मतं. एक पॉइंट आठ टक्के. बाद.
ब्रँटनं कोरी मतपत्रिका पाठवली, पेपरात तसं लिहिलं. शेवटची ओळ : सुयांच्या काळातल्या या खेळाडूंना निवडायला माझा हात धजत नाही, आणि नाकारायला तोंड नाही.
टीव्ही फोडायला उठलो. उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्यानं नेम चुकला, दिवा फुटला. मेहुणीनं काचा गोळा केल्या.

२२ जानेवारी, सकाळ
आयुष्यातली सगळ्यात मोठी हिंमत केली. नोरीन बटाटे सोलत होती. समोर बसलो. सांगून टाकलं सगळं. सहा वर्षं घेत होतो. सुया. फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे लपवलेल्या कुप्या. ती कोसळेल म्हणून खुर्ची जवळ ओढून ठेवली होती.
तिनं सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, लोण्याच्या नाही, काकडीच्या लोणच्याच्या बरणीमागे. पुढे यायच्या, मीच परत मागे सारायचे.
मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?
म्हणाली, तुझ्या वहीत रोज व्हिटॅमिन लिहिलेलं असायचं. वाटलं, तुला खरंच तसं वाटतंय.
वही कुलपात असते, असं माझं मत होतं.