ओटा माझ्या उंचीचा झाला त्याची हकीकत

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

धाराशिव,
रविवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप बसवेशअण्णांना कल्याणप्पाचे शरणु शरणार्थी.

इकडं आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याला त्या नव्या तेलानं उतार पडला का ते कळवावं. पडला नसेल तर तेल बदलावं, पण गुडघाच बदलायच्या भानगडीत एवढ्यात पडू नये. आमच्या घरात नुकतीच एक गोष्ट बदलली, तिचं निस्तरणं अजून चालू आहे. वहिनींच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आता बरेच दिवस झाले, त्यांना लांबचं नीट दिसायला लागलं असेल. (जवळचं त्यांना आधीपासूनच जास्त दिसतं, हे तुम्ही आणि मी दोघंही जाणतो.) अणदूरकडं ज्वारी कशी आहे? आमच्या भूमकडं नेहमीसारखीच आहे, म्हणजे शेतकऱ्यापेक्षा पाखरांना जास्त ठाऊक.

तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितोय. कारण असं, की तुमच्याकडं फोन लागला की वहिनी तो स्पीकरवर टाकतात, आणि आमच्याकडं मी बोलायला लागलो की तुमची बहीण शिवलीला शेजारी बसून माझं बोलणं दुरुस्त करते. पत्रात माणसाला मधे कोणी तोडत नाही. शिवाय स्वयंपाकघराच्या कामाबद्दल तुमच्या कानावर उलटसुलट काही गेलं असेल, तर खरा प्रकार माझ्या हातचा तुमच्याकडं असलेला बरा.

तर अण्णा, एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून माझी हयात गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, हे ठरवण्यात डोकं पांढरं झालं. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला आणि त्यानं पाहिलं, की जिऱ्याचा डबा चहाच्या डब्याच्या मागं आहे, झारा पोळपाटाखाली आहे आणि रोज लागणारी चटणीची बरणी सगळ्यात आत. त्याला हे कसं सहन व्हावं? मी शिवलीलेला शांतपणानं सूचना करत असे. ती ऐकतही असे. (तिच्या ऐकण्याची पद्धत म्हणजे कांदा जरा जोरात चिरणं.) मग पुण्याहून रुद्रेशचा फोन आला, की बाबा, ते शहाबादी फरशीचं जुनं काढून टाका आणि आपल्या मापाचं मॉड्युलर किचन करून घ्या. मला हे मनापासून पटलं. शिवलीला म्हणाली, "करा काय करायचं ते. ओट्यासमोरची खिडकी तेवढी ऱ्हाऊ द्या." मी मान हलवली. चौकशीच्या खिडकीशी बसून आयुष्यभर मान हलवलेली असल्यानं ती आपोआप हलते, त्यासाठी ऐकावं लागत नाही.

ही खिडकी तुम्ही पाहिली आहे. तिच्या पलीकडं बोळ, बोळाच्या पलीकडं धुरपताबाईंचं मागचं दार. ह्या दोघींनी तिच्यातून वाटीवाटीनं इतकी कालवणं एकमेकींना दिली आहेत, की कुठली वाटी मूळची कुणाची ह्याचा निकाल आता कोर्टातसुद्धा लागायचा नाही.

काम मी सोलापूरच्या एका दुकानाला दिलं. त्यांच्याकडून दिग्विजय नावाचा तरुण आला. पोरगा गुणी, बोलायला गोड. त्यानं हातातल्या यंत्रातून लाल ठिपका भिंतीवर टाकला आणि फीत न लावता खोली मोजली. मग लॅपटॉपवर आमचंच स्वयंपाकघर असं काही दाखवलं, की मला ते सासुरवाडीचं वाटावं. पांढरीशुभ्र कपाटं, आपोआप हळू मिटणारे खण, आणि ओट्यावर एका वाडग्यात हिरवी सफरचंदं. (सफरचंदं सोबत मिळत नाहीत. मी विचारलं.) त्या दिवसांत शिवलीला वहिनींच्या ऑपरेशनसाठी तुमच्याकडं होती. दिग्विजय म्हणाला, "काका, तुम्हीच उभे राहा, ओट्याची उंची घेतो." मी उभा राहिलो. त्यानं मला हवेत भाकरी थापायला लावली, हवेतच कढईत ढवळायला लावलं आणि कोपराखाली खूण केली. माझी उंची तुम्हाला माहीत आहे. शिवलीलेची तर आहेच. त्या वेळी मात्र मला फक्त हेच जाणवत होतं, की एवढ्या आदरानं माझं माप आजवर शिंप्यानंही घेतलेलं नाही.

ती परत आल्यावर मी तिला ते चित्र दाखवलं. तिनं सगळं पाहिलं आणि विचारलं, "खिडकी कुठाय?" दिग्विजय म्हणाला, "काकू, तिथं वरचं कपाट येतंय. काचेची दारं आहेत, आत दिवापण आहे." मी पुस्ती जोडली, की फळ्या कापायला गेल्यासुद्धा, आता फेरबदल नाही. त्यावर ती म्हणाली, "बरं." अण्णा, तुमच्या बहिणीकडं दोन प्रकारचे 'बरं' आहेत. एक होकाराचं आणि एक नोंद करून ठेवण्याचं. हे दुसरं होतं.

मग तोडफोड सुरू झाली. गॅस, तवा, चार डबे आणि परात एवढा संसार पुढच्या पोर्चमध्ये आला. गल्लीच्या तोंडावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत आपलं कुटुंब भाकरी थापतंय, ह्याचा मला पहिल्यांदा संकोच वाटला. मी दोरीला जुनी चादर लावून आडोसाही केला. दुपारपर्यंत शिवलीलेनं ती चादर उतरवून तिच्यावर पापड वाळत घातले. बोळाकडून वळसा घालून धुरपताबाई स्वतःचं पीठ घेऊन यायला लागल्या. भाजीवाली पाटी उतरवून घटकाभर टेकायला लागली. डेपोतले माझे जुने ड्रायव्हर मला भेटायला म्हणून यायचे आणि खरपूस वासाच्या बाजूला तोंड करून बसायचे.

समोरच्या माडीवर गंगम्मा म्हणून एक बाई राहायला आल्या होत्या, कर्नाटकातल्या आळंदकडच्या. नवरा वारल्यावर लेकीकडं आलेल्या. लेक-जावई दिवसभर नोकरीला. बाई कुणाशी बोलत नसत, तर गल्लीनं त्यांना गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं. (ठरवणाऱ्यांत मी होतो.) एका सकाळी शिवलीला शेंगांची चटणी कुटत होती आणि गंगम्मा फाटकाशी थबकल्या. काहीतरी बोलल्या. शिवलीलेनं मान वर केली आणि कन्नडमध्ये उत्तर दिलं. मी आत पेपर वाचत होतो. थोड्या वेळानं बाहेर कुणीतरी मोठ्यानं, अगदी मोकळं हसलं. मला वाटलं, पाहुणी आली कोणी. चष्मा घालून बाहेर आलो, तर हसणारी आमचीच मंडळी. अण्णा, खोटं कशाला सांगू, बायकोचं हसणं मला ओळखू आलं नाही. तुमच्या घरी ती अशी हसत असेल. भूमच्या घरात आणि नंतर इथं, कन्नड बोलायला तिला होतं कोण? बाईंना मराठी येत नव्हतं, एवढाच त्यांचा गर्व होता. त्या दिवसापासून त्या रोज यायला लागल्या. आमचं कन्नड 'ऊटा आय्ता?', म्हणजे जेवलात का, इथंच सुरू होतं आणि तिथंच संपतं. तरी मी खुर्ची पोर्चच्या बाजूला सरकवून घेतली.

यथावकाश टेम्पो आला आणि नवं स्वयंपाकघर उभं राहिलं. देखणं झालं, ह्यात शंका नाही. मुहूर्तानं दूध उतू घालवलं. ते नव्या काचेच्या शेगडीवर पसरलं, तेव्हा दिग्विजय स्वतःच्या अंगावर सांडल्यासारखा धावला. मग शिवलीला ओट्याशी भाकरी थापायला उभी राहिली आणि घोटाळा सर्वांच्या ध्यानात आला. तिची कोपरं खांद्याला लागत होती. मी पायाखाली पाट दिला. पाटावरून उतरल्याशिवाय तिला पाणी घेता येईना आणि चढल्याशिवाय तव्यात दिसेना. वरच्या कपाटापर्यंत तिचा हात जाईना, म्हणून मी दारात उभा राहून, ती म्हणेल ती वस्तू काढून द्यायला लागलो. "हळद." दिली. "मीठ." दिलं. जुन्या ड्यूटीवर पुन्हा हजर झाल्यासारखं मला बरं वाटत होतं, पण तिच्या तोंडाकडं पाहिल्यावर वाटेनासं झालं. ती समोरच्या काचेच्या दारांकडं बघत भाकरी थापत होती. पलीकडून धुरपताबाईंनी नेहमीसारखी हाक मारली. ती आमच्या प्लायवूडवर आपटून परत गेली. फाटकाशी गंगम्मा आल्या, रिकाम्या पोर्चकडं बघून माघारी वळल्या.

आणखी एकदोन दिवस गेले आणि जुनी शेगडी पुन्हा पोर्चमध्ये आली. भांडण नाही, आदळआपट नाही. मी विचारलं, "रुसलीस का?" ती म्हणाली, "रुसू कशाला? तिथं माणूस दिसत न्हाय." रुद्रेशनं व्हिडिओवर किचन दाखवायला सांगितलं, तर तिनं त्याला फिरवून सगळं दाखवलं आणि म्हणाली, "लई छान हाय. धूळसुद्धा बसत न्हाय." धूळ कशी बसणार? आत कोणी जातच नव्हतं.

एवढं घडवून घेतलेलं रिकामं पडलेलं मला बघवेना. एक दिवस ती पोर्चमध्ये गुंतलेली असताना मी आत गेलो आणि चहा ठेवला. अण्णा, काय सांगू! ओटा बरोबर कोपराखाली, साखर हाताशी, खण बोटानं ढकलला की मिटतो. अंगरखा घालावा तसं ते स्वयंपाकघर माझ्या अंगाला बसलं. चहा झाला, मग पिठलं करावंसं वाटलं. मोहरी टाकली. शिवलीला आवाजानं दारापर्यंत आली, पाहिलं आणि म्हणाली, "तडतडू द्या आधी." आणि निघून गेली. एवढंच. मी हिरव्या मिरच्या टाकल्या आणि तो ठसका उठला! धूर ओढणाऱ्या यंत्राचं बटण कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि श्वास घ्यायला समोर तोंड करावं तर नाकासमोर काचेचं दार, आत छान दिवा लागलेला. तेव्हा मला त्या खिडकीची किंमत कळली. (हे शिवलीलेसमोर मी ठसका आल्यामुळं बोललो नाही आणि नंतर विषय निघाला नाही.)

दुसऱ्या दिवशी दिग्विजयला बोलावलं. तो फार हळहळला, रंगसंगतीबद्दल बोलला, पण त्यानं मधली वरची कपाटं उतरवली. मागं खिडकी होती तशीच होती. मी तिची दारं ढकलली, तर समोर धुरपताबाई धुणं वाळत घालत होत्या. माझ्या हातात उलथनं होतं. "अगं बया! अप्पा, तुमी?" एवढं बोलून त्या धुणं तसंच टाकून आत पळाल्या, आणि मी चुलीला लागल्याची बातमी माझं पिठलं आटायच्या आत गल्लीभर झाली. संध्याकाळी बोळात येऊन खिडकीतून गंगम्मांनी विचारलं, "ऊटा आय्ता?" हे मला समजलं, म्हणून मी ऐटीत "आय्तु" म्हणालो. (झालं नव्हतं. पिठलं खाली लागलं होतं.)

आता आमचं असं बसलंय, की सकाळचा स्वयंपाक तिचा, पोर्चमध्ये, गंगम्मांच्या सोबतीनं. रात्रीचा माझा, आत. मी करत असताना शिवलीला खिडकीशी स्टूल टाकून भाजी निवडते आणि बोळापलीकडं धुरपताबाईंशी बोलत बसते. जिऱ्याचा डबा मी चहाच्या डब्याच्या पुढं ठेवला आहे. ती रोज तो मागं ठेवते. घरात शांतता आहे.

वहिनींना नमस्कार. थंडी आहे, गुडघा झाकून ठेवावा.

आपला,
कल्याणप्पा

ता. क. उतरवलेली वरची कपाटं चांगली नवीकोरी आहेत, काचेआड दिवाही लागतो. तुमच्या घरात ती शोभून दिसतील. नको म्हणू नये, कारण टेम्पो काल सकाळीच निघाला आहे.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच. भाकरी थापायला घेतली की माझ्याकडून तिची कड फाटते. पाणी वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, देवाचं नाव घेऊनही पाहिलं. शिवलीलेला विचारायला जीभ रेटत नाही. वहिनींना सहज विचारल्यासारखं विचारून मला पत्रानंच कळवावं. फोन करू नये.

अण्णा, शरणु. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. कपाटं ठेवूनच घ्या, न्हायतर हे ती परत भिंतीला लावतील. उंचीचा घोटाळा म्हणतात तो काही घोटाळा न्हाय. मी तुमच्याकडं होते तेव्हाच त्या पोराला फोन करून सांगितलं होतं, ओटा ह्यांच्या मापाचा घे. रिटायर झाल्यापासून दिवसभर माझ्या पाठीमागं उभं राहून सूचना करत होते. म्हटलं, उभंच राहायचं तर ओट्यापुढं राहा. खिडकी झाकायची अक्कल मात्र ह्यांची एकट्याची.

भाकरीचं वहिनीला विचारू नका. पीठ जुनं आहे, त्याला विरी गेलीय, चिकटपणा राहिला न्हाय, म्हणून कड फाटते. ताजं दळण आणून मी धुरपताबाईकडं ठेवलंय. देईन, पण एवढ्यात न्हाय. भाकरी फाटली की विचारू का नको, विचारू का नको, असं तोंड करून माझ्याकडं बघत उभे राहतात. अजून थोडे दिवस बघू द्या मला.

— शिवलीला