आईचा व्हिसा, साहेबांमार्फत

बाबा,

आज आईच्या अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाचा फॉर्म भरतोय. चंदीगडमध्येच, तुमच्याच जेवणाच्या टेबलावर. सरकारी क्वार्टर तेवढं आता माझ्या नावावर आहे, मीही सरकारी नोकरच. तुम्ही असतात तर हा फॉर्म एव्हाना तुमच्या साहेबांकडे पोचला असता.

तुम्ही नोकरीत होतात तेव्हा ताईला तिकडे अमेरिकेत पहिल्यांदा दिवस गेले होते आणि बाळंतपणाला तिला आई हवी होती. फॉर्म भरायचा आणि थेट दिल्लीला वकिलातीत न्यायचा, एवढंच काम. पण तुम्ही पडलात सरकारी नोकर! बायकोचा फॉर्म तुम्ही वर अर्ज जोडून 'थ्रू प्रॉपर चॅनल' साहेबांकडे पाठवलात. आई जणू खात्याची मालमत्ता. शेजारच्या पंजाबी आजींची, बीजींची, मुलं कॅनडात, त्यांना हे सगळं पाठ. त्यांनी कपाळावर हात मारला. "भाईसाब, फॉर्म बहनजी दा है, तुहाडे साब दा नहीं!" तुम्ही ताठ बसून म्हणालात, "जी, गव्हर्नमेंट सर्व्हंट का मामला है। कल को कोई उँगली न उठाए।" तुमच्याकडे बोट दाखवायला तुमची दखल तरी कुणी घेत होतं का?

त्या दिवसांत आई ताईसाठी डिंकाचे लाडू वळतेय, घरभर तुपाचा वास. तुम्ही त्यातलाच डबा भरता आणि साहेबांच्या बंगल्यावर पोचवता. बाळंतिणीचे लाडू, बाबा! साहेबांनी ते खाल्ले आणि दौऱ्यावर गेले. आई रोज दार उघडताना तुमच्या तोंडाकडे बघायची आणि तुम्ही बूट काढत सांगायचात, "फाइल मूव्ह झालीय."

कागद परत आला तेव्हा ताईची मुलगी बसायला लागली होती. त्यावर शेरा होता: अर्जदार या कार्यालयाची कर्मचारी नाही, सबब परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. तो तुम्ही आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलात आणि चक्क समाधानानं फाइलला लावलात. आई उरलेले, खवट होत आलेले लाडू आम्हाला वाटून मोकळी झाली. त्या दिवशी मला तुमची शिसारी आली. तुम्ही गेलात, ती शिसारी गेली नाही.

मघाशी आई चहा घेऊन आली. फॉर्मकडे बघत हळूच म्हणाली, "तुझ्या साहेबांना विचारलंस ना रे?" मी तिच्यावर ओरडलो, त्यांचा काय संबंध म्हणून. ती कप ठेवून आत गेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. सकाळीच साहेबांना विचारलंय. "देखते हैं," म्हणाले.